मदतसंस्थेच्या नावापुढचे पुरस्कार आणि शिक्के कसे वाचावेत

आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांचे माहितीपत्रक किंवा वार्षिक अहवाल उघडला की पहिल्या-दुसऱ्या पानावर मानचिन्हांची एक ओळ हमखास दिसते. कुठे चार तारे, कुठे प्लॅटिनमचा शिक्का, कुठे संयुक्त राष्ट्रांनी दिलेला दर्जा, एखाद्या मोठ्या संस्थेच्या बाबतीत नोबेल पारितोषिकाचा उल्लेख आणि शेवटी आपण कधी नावही न ऐकलेले तीन-चार पुरस्कार. देणगी देऊ इच्छिणारा माणूस ही ओळ पाहतो आणि इतक्या जणांनी पारखून घेतलेली संस्था चांगलीच असणार, असे गृहीत धरून पुढे जातो. या गृहीतकात एक अडचण आहे. त्या ओळीतले प्रत्येक चिन्ह वेगळ्या मंडळींनी, वेगळा प्रश्न मनात धरून, वेगळे कागद पाहून दिलेले असते, आणि काहींनी तर संस्थेने स्वतः भरून दिलेल्या माहितीपलीकडे काहीच पाहिलेले नसते. कोणत्या चिन्हामागे कोणता प्रश्न होता, हे कळल्याशिवाय त्या चिन्हाचे मोल ठरवता येत नाही.

हे समजून घेण्यासाठी एकाच संस्थेचे उदाहरण धरून चालणे सोयीचे पडेल. मेदसाँ सां फ्रोंतिएर ही मूळची फ्रेंच वैद्यकीय मदतसंस्था जगभर डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या नावाने ओळखली जाते; आपण तिला एमएसएफ म्हणू. डिसेंबर १९७१ मध्ये पॅरिसमध्ये काही डॉक्टर आणि पत्रकारांनी ती स्थापन केली. त्यांच्यापैकी काहींनी नायजेरियातील बियाफ्राच्या युद्धात रेड क्रॉसतर्फे काम केले होते, तर काही जण नोव्हेंबर १९७० मध्ये पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, झालेल्या चक्रीवादळाच्या संहारानंतर एकत्र आले होते. जखमींवर उपचार करावेत, पण जे पाहिले त्याविषयी जाहीरपणे बोलू नये, ही रेड क्रॉसची जुनी शिस्त त्यांच्यातल्या अनेकांना बियाफ्रात जाचली होती. उपचाराबरोबर साक्ष देणे हेही आपले काम आहे, ही भूमिका या संस्थेने पुढे घेतली, आणि तिला मिळालेल्या सन्मानांचा अर्थ लावताना ती ध्यानात ठेवावी लागते.

या संस्थेला मिळालेल्या मोठ्या पुरस्कारांची यादी भरभक्कम आहे. १९९६ मध्ये भारतातील इंदिरा गांधी शांतता पुरस्कार आणि त्याच वर्षी सेऊल शांतता पुरस्कार, १९९८ मध्ये अमेरिकेतील हिल्टन मानवतावादी पुरस्कार, १९९९ मध्ये शांततेचे नोबेल आणि २०१५ मध्ये इबोलाच्या साथीतील कामासाठी वैद्यकीय क्षेत्रातला लास्कर पुरस्कार. नोबेलच्या आधीच दिल्लीने या संस्थेची दखल घेतली होती, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या लक्षात राहिलेले नाही.

नोबेल शांतता पारितोषिक कसे ठरते ते आधी पाहू. नॉर्वेच्या संसदेने नेमलेली पाच जणांची समिती ते ठरवते. नामांकन पाठवण्याचा अधिकार जगभरातील हजारो व्यक्तींना असतो. कोणत्याही देशाच्या संसदेचे सदस्य, मंत्री, विद्यापीठांतले इतिहास, कायदा, तत्त्वज्ञान किंवा समाजशास्त्राचे प्राध्यापक, पूर्वीचे मानकरी, असे अनेक जण ३१ जानेवारीपर्यंत नावे पाठवू शकतात. दरवर्षी शेकडो नावे येतात आणि समिती ती ५० वर्षे गुप्त ठेवते. म्हणून एखादी संस्था ‘नोबेलसाठी नामांकित’ असल्याचे सांगते तेव्हा त्याचा अर्थ इतकाच असतो की या हजारोंपैकी कुणा एकाने पत्र लिहिले. समितीने त्या संस्थेची छाननी केली, असा त्याचा अर्थ होत नाही. माहितीपत्रकात हा शब्दप्रयोग दिसला की तो बाजूला ठेवून पुढे वाचावे.

प्रत्यक्ष पारितोषिक मिळाले असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही समितीने कोणत्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे हे पाहावे लागते. समिती हिशेब तपासत नाही, दवाखान्यांना भेटी देऊन रुग्ण मोजत नाही. त्या काळात त्या कामाला जगाने मान द्यावा का, हा तिच्यापुढचा प्रश्न असतो. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. तिला १९१७, १९४४ आणि १९६३ असे तीन वेळा नोबेल मिळाले. पहिल्या महायुद्धात जिनिव्हामध्ये तिने युद्धकैद्यांची सुमारे ७० लाख कार्डे तयार केली होती. कोणाचा मुलगा कोणत्या छावणीत आहे, जिवंत आहे की नाही, हे त्या कार्डांवरून घरच्यांना कळवले जाई. १९१७ चे पारितोषिक या कामाला होते आणि ते कोणालाही पटेल. १९४४ चे पारितोषिकही दुसऱ्या महायुद्धातील अशाच प्रचंड कामाला मिळाले. पण त्याच समितीने १४ ऑक्टोबर १९४२ रोजी जिनिव्हातील बैठकीत नागरिकांच्या छळाविरुद्ध जाहीर आवाहन न करण्याचा निर्णय घेतला होता, आणि ज्यूंच्या संहाराबद्दल तिला तोवर बरेच काही कळलेले होते. ते मौन हे आपले मोठे नैतिक अपयश होते, असे तिने स्वतः अनेक दशकांनंतर मान्य केले. पारितोषिक खोटे नव्हते आणि अपयशही खोटे नव्हते. पारितोषिक देणाऱ्यांनी तो प्रश्न विचारलाच नव्हता.

या पार्श्वभूमीवर १९९९ चा समारंभ पाहण्यासारखा आहे. १० डिसेंबरला ऑस्लोमध्ये एमएसएफतर्फे तिचे आंतरराष्ट्रीय अध्यक्ष डॉ. जेम्स ऑर्बिन्स्की बोलायला उभे राहिले, तेव्हा रशियाचे सैन्य चेचन्यात ग्रोझ्नी शहरावर बाँब टाकत होते. ऑर्बिन्स्की यांनी भाषणाच्या सुरुवातीलाच सभागृहातील रशियाच्या राजदूतांना उद्देशून, आणि त्यांच्यामार्फत अध्यक्ष येल्त्सिन यांना, निराधार नागरिकांवरचा हा मारा थांबवण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी संघटनेत आतून बरेच वाजले होते: कोसोवोच्या युद्धात ग्रीक शाखेने इतरांची संमती न घेता स्वतंत्रपणे पथक पाठवले आणि त्यावरून तिला संघटनेबाहेर काढण्यात आले. नोबेलच्या पदकावर या भांडणाची खूण नाही, आणि असायचे कारणही नाही.

मोठ्या पुरस्काराबद्दल पुरस्कारापेक्षाही अधिक सांगून जाणारी गोष्ट म्हणजे मिळालेल्या पैशांचे संस्थेने काय केले. एमएसएफने नोबेलची रक्कम दुर्लक्षित रोगांसाठी राखून ठेवली. या रोगांचे रुग्ण गरीब असतात, त्यामुळे औषध कंपन्यांना त्यांच्यासाठी संशोधन परवडत नाही. या विचारातून २००३ मध्ये डीएनडीआय ही स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली आणि तिच्या संस्थापकांमध्ये फ्रान्सची पाश्चर संस्था, ब्राझील, केनिया आणि मलेशियातील सरकारी संस्थांबरोबर आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही होती. काळा आजार हा वालुमाशीमुळे पसरणारा आणि उपचार न झाल्यास जीव घेणारा रोग बिहारमध्ये पिढ्यान्‌पिढ्या होता. पूर्वी त्यावर महिनाभर वेदनादायक इंजेक्शने घ्यावी लागत, आणि मजुरी बुडवून महिनाभर इस्पितळात राहणे हे बहुतेक रुग्णांना परवडत नसे. एमएसएफने २००७ पासून वैशाली जिल्ह्यात हजारो रुग्णांवर लायपोसोमल अॅम्फोटेरिसिन हे औषध वापरून उपचार केले. या आणि इतर संस्थांच्या अनुभवातून जमा झालेल्या पुराव्यानंतर २०१४ मध्ये एकाच मात्रेत शिरेवाटे दिले जाणारे हे औषध भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात पहिल्या पसंतीचा उपचार ठरले. नोबेलचा उल्लेख सगळीकडे असतो. वैशालीचा उल्लेख शोधावा लागतो.

लास्कर पुरस्काराची कथा थोडी अधिक गुंतागुंतीची आहे. मार्च २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील गिनीमध्ये इबोलाची साथ जाहीर झाली. साथीचा फैलाव अभूतपूर्व असल्याचे एमएसएफने मार्चअखेरीसच सांगितले, जूनमध्ये ती आटोक्याबाहेर गेल्याचे बजावले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली ती ८ ऑगस्टला. लायबेरियाची राजधानी मनरोव्हियात एमएसएफने उभारलेल्या केंद्रात त्या दिवसांत जागाच उरत नसे. सकाळी केंद्राचे फाटक जेमतेम अर्धा तास उघडले जाई आणि रात्रीतून दगावलेल्या रुग्णांच्या जितक्या खाटा रिकाम्या झाल्या असतील तितक्याच नव्या रुग्णांना आत घेतले जाई. बाकीच्यांना, त्यांत लहान मुलांना घेऊन आलेले आईबापही, परत पाठवावे लागे. या साथीत ११,००० हून अधिक माणसे गेली. पुरस्कार या काळातील धैर्याला होता आणि तो योग्यच होता. पण साथ चालू असतानाच, मार्च २०१५ मध्ये, संस्थेने स्वतःचा जो आढावा प्रसिद्ध केला त्यात आपणही मनुष्यबळ आणखी लवकर हलवायला हवे होते, अशी कबुली होती. माझ्या दृष्टीने पुरस्काराइतकेच वजन या कबुलीला आहे. जी संस्था आपल्या कामातील उणिवा आपणहून छापते, तिच्या यशाच्या दाव्यांवरही थोडा अधिक विश्वास ठेवता येतो.

लहानसहान ‘आंतरराष्ट्रीय’ पुरस्कारांबद्दल दोनच वाक्ये पुरेत. ज्या पुरस्कारासाठी प्रवेश शुल्क भरावे लागते, समारंभाच्या जेवणाचे टेबल विकत घ्यावे लागते आणि ज्याच्या डझनभर श्रेणी असतात, तो आयोजकाचा व्यवसाय असतो. त्याने संस्थेचे नुकसान होत नाही, पण वाचकाला त्यातून काही कळतही नाही.

आता तारे आणि श्रेण्यांकडे वळू, कारण देणगीदारांवर सर्वांत जास्त प्रभाव त्यांचा पडतो. अमेरिकेत २००१ मध्ये सुरू झालेली चॅरिटी नॅव्हिगेटर ही संस्था धर्मादाय संस्थांना शून्य ते चार तारे देते. तिच्याही आधीपासून काम करणारी चॅरिटीवॉच परीक्षेसारखी अक्षरी श्रेणी देते. बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्सने २० निकष ठरवले आहेत आणि ते सगळे पूर्ण करणाऱ्या संस्थेला तिची मान्यता मिळते. या मूल्यमापनाचा मोठा आधार म्हणजे धर्मादाय संस्थांना अमेरिकेच्या करखात्याकडे दरवर्षी भरावे लागणारे विवरणपत्र, ज्याला फॉर्म ९९० म्हणतात, आणि लेखापरीक्षित ताळेबंद. इथे पहिली मेख आहे. एमएसएफ ही अनेक देशांतील संघटनांची मिळून झालेली चळवळ आहे. अमेरिकी मानांकन मिळते ते फक्त तिच्या अमेरिकेतील शाखेला, जिचे मुख्य काम निधी आणि माणसे उभी करून युरोपातील कार्यकेंद्रांकडे पाठवणे हे आहे. सुदानमधील शस्त्रक्रियागृह कसे चालते, हे त्या ताऱ्यांत नसते.

या मानांकनात अनेक वर्षे सर्वांत जास्त महत्त्व एका गुणोत्तराला होते: संस्थेने खर्च केलेल्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी किती रुपये प्रत्यक्ष कार्यक्रमावर गेले आणि किती कार्यालय, पगार, निधिसंकलन यांवर. बीबीबीच्या निकषानुसार एकूण खर्चापैकी किमान ६५ टक्के कार्यक्रमांवर व्हायला हवा. आकडा समजायला सोपा असल्याने तो लोकप्रिय झाला, आणि तो लोकप्रिय झाल्यामुळे संस्थांनी त्याच्यासाठी आपला कारभार वाकवायला सुरुवात केली. चांगला हिशेबनीस न नेमणे, संगणक जुनेच ठेवणे, कामाचा परिणाम मोजण्यासाठी पैसा न काढणे, या सगळ्याने गुणोत्तर सुधारते आणि काम बिघडते. अखेर जून २०१३ मध्ये चॅरिटी नॅव्हिगेटर, धर्मादाय संस्थांची माहिती जमा करून देणारी गाइडस्टार आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तिन्ही संस्थांच्या प्रमुखांनी अमेरिकेतील देणगीदारांना उद्देशून खुले पत्र लिहिले की केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका. ज्यांनी ती टक्केवारी घरोघरी पोचवली त्यांनीच हे लिहावे, यात थोडी गंमत आहे, पण प्रामाणिकपणाही आहे. त्यानंतर त्यांनी कारभार, परिणाम आणि पारदर्शकता यांचे निकष वाढवले. तरीही टक्केवारीची सवय देणगीदारांच्या मनातून गेलेली नाही.

वस्तुरूप देणगीमुळे हे गुणोत्तर कसे फुगते ते एका काल्पनिक हिशेबावरून कळेल. समजा एका संस्थेचा वर्षाचा रोख खर्च १० कोटी रुपये आहे आणि त्यातले ३ कोटी कार्यालय व निधिसंकलनावर जातात, म्हणजे कार्यक्रमाचा वाटा ७० टक्के. आता एखाद्या औषध कंपनीने तिला ९० कोटी रुपये किंमत लावलेली औषधे दिली आणि ती तिने वाटली. एकूण खर्च १०० कोटी झाला, कार्यालयाचा खर्च तोच ३ कोटी राहिला आणि कार्यक्रमाचा वाटा ९७ टक्क्यांवर पोचला. संस्था एका दिवसात अधिक कार्यक्षम झालेली नाही; औषधांची किंमत कोणत्या बाजारभावाने धरली यावर ते ९७ अवलंबून आहे, आणि तीच गोळी श्रीमंत देशाच्या बाजारात एका भावाने व गरीब देशाच्या बाजारात त्याच्या लहानशा अंशाने मिळत असते. औषधे वाटणाऱ्या अनेक संस्था उत्तम काम करतात. त्यांची टक्केवारी रोख पैशांवर दवाखाने चालवणाऱ्या संस्थेच्या टक्केवारीशेजारी ठेवणे मात्र चुकीचे आहे.

याच जागी एमएसएफचा एक निर्णय आठवतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये फायझर कंपनीने देऊ केलेल्या न्यूमोनियाच्या लशीच्या १० लाख मात्रा तिने नाकारल्या. फुकट लस नाकारणे हे ऐकताना विचित्र, कुणाला क्रूरही वाटेल. संस्थेचे म्हणणे असे होते की देणगी कंपनीच्या मर्जीवर चालते, आज मिळते आणि उद्या थांबते. हवी आहे ती किमतीत कपात, जिचा लाभ गरीब देशांना आणि सगळ्याच मदतसंस्थांना होईल. पुढच्याच महिन्यात फायझरने आणीबाणीच्या परिस्थितीत काम करणाऱ्या संस्थांसाठी लशीची किंमत कमी केली. त्या मात्रा स्वीकारल्या असत्या तर गुणोत्तर थोडे सुधारले असते. नाकारण्याचा निर्णय बरोबर की चूक यावर दोन मते असू शकतात, पण तो कोणत्याही ताऱ्यात मोजला जात नाही हे नक्की.

असे आणखी दोन निर्णय सांगण्याजोगे आहेत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर जगभरातून पैशांचा पूर आला, तेव्हा एमएसएफने सुमारे आठवड्याभरात जाहीर केले की त्सुनामीसाठी लागेल तेवढा निधी आमच्याकडे जमला आहे, आता त्या नावाने देऊ नका. आणि आधीच आलेल्या देणग्या दुसऱ्या संकटांकडे वळवायला देणगीदारांची परवानगी मागितली. इतर संस्थांचे निधिसंकलन जोरात चालू होते आणि त्यांपैकी काहींना हे जाहीर निवेदन मुळीच रुचले नाही. दुसरा प्रसंग त्याहून कठीण होता. १९९४ मध्ये रवांडातील वंशसंहारानंतर लाखो लोक सीमा ओलांडून झाईरमधील, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील, छावण्यांत आले. मदतीचे अन्न आणि औषधे संहार करणाऱ्यांच्याच हाती जात आहेत, छावण्यांवर त्यांचाच ताबा आहे, हे दिसल्यावर एमएसएफच्या फ्रेंच शाखेने नोव्हेंबर १९९४ मध्ये तिथून काढता पाय घेतला. इतर शाखा काही काळ थांबल्या. रुग्णांना सोडून जाणे योग्य होते का, याचा वाद संघटनेत अजूनही चालतो. मदतकार्याची खरी परीक्षा अशा जागी होते, आणि नेमके तिथले गुण कोणत्याही विवरणपत्रात येत नाहीत.

प्लॅटिनम, सोने, चांदी, कांस्य असे शिक्के कॅंडिड ही संस्था देते, जी २०१९ मध्ये गाइडस्टार आणि फाउंडेशन सेंटर यांच्या विलीनीकरणातून तयार झाली. हे शिक्के संस्थेने किती माहिती उघड केली याचे आहेत. अधिक माहिती भरली की वरचा शिक्का मिळतो. भरलेल्या माहितीतून काम चांगले दिसते की वाईट, हा त्यात विषयच नाही. शिक्का निरुपयोगी मानू नये, कारण माहिती देणारी संस्था न देणाऱ्या संस्थेपेक्षा बरी. पण प्लॅटिनम या शब्दाने जो भास होतो तो सोडून द्यावा.

गिव्हवेलची शिफारस ही अगदी दुसऱ्या टोकाची गोष्ट आहे. २००७ मध्ये सुरू झालेली ही संस्था ठरावीक कार्यक्रमांचा फार खोलात जाऊन अभ्यास करते आणि बोटांवर मोजता येतील इतक्याच संस्थांची शिफारस करते: हिवतापासाठी मच्छरदाण्या वाटणारी, मुलांना हिवतापाच्या मोसमात प्रतिबंधक औषध देणारी, ‘अ’ जीवनसत्त्व पुरवणारी, अशा. काही हजार डॉलरमध्ये एक जीव वाचतो का, असा तिचा प्रश्न असतो आणि त्याला ती आकड्यांनी उत्तर देते. एमएसएफ तिच्या आघाडीच्या शिफारशींत नाही. याचे कारण एमएसएफ वाईट काम करते असे नसून, युद्धभूमीवरील शस्त्रक्रिया, साथ, उपासमार, निर्वासितांच्या छावण्या अशा सतत बदलत्या कामाचा एका जिवामागचा खर्च त्या पद्धतीने काढता येत नाही, हे आहे. ज्याला मोजता येण्याजोग्या परिणामाची खात्री हवी त्याने गिव्हवेलचे ऐकावे. मनरोव्हियातल्या त्या फाटकापाशी कोणी तरी उभे असावे असे ज्याला वाटते, त्याला ही यादी पुरणार नाही.

मानकांचा प्रकार आपल्याकडे कमी माहीत आहे, पण तो महत्त्वाचा आहे. रवांडाच्या निर्वासितांच्या मदतीत झालेल्या गोंधळातून धडा घेऊन १९९७ मध्ये अनेक संस्थांनी मिळून स्फिअर नावाचा प्रकल्प सुरू केला आणि आपत्तीतील मदतीची किमान पातळी आकड्यांत लिहून काढली: माणशी दिवसाला पिण्या-वापरण्याचे १५ लिटर पाणी, माणशी साडेतीन चौरस मीटर निवारा, २० माणसांमागे एक शौचालय. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये कोपनहेगन येथे मानवतावादी कामाचे नऊ वचनांचे सामायिक मानक जाहीर झाले, त्यात मदत घेणाऱ्यांना तक्रार करण्याची सोय असावी हेही एक वचन आहे. हे मानक पाळले जाते का, याची तपासणी जिनिव्हास्थित स्वतंत्र लेखापरीक्षक संस्था कार्यक्षेत्रावर जाऊन, लाभार्थ्यांशी बोलून करू शकते. ‘आम्ही हे मानक मानतो’ आणि ‘आम्ही या मानकानुसार प्रमाणित आहोत’ या दोन वाक्यांत म्हणूनच फार अंतर आहे. पहिल्याला सही लागते, दुसऱ्याला तपासणी.

संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा हा या सगळ्यात सर्वाधिक गैरसमज झालेला उल्लेख असावा. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ७१ व्या कलमानुसार बिगरसरकारी संस्थांना हा दर्जा दिला जातो आणि जगातील ६,००० हून अधिक संस्थांकडे तो आहे. त्यामुळे संस्थेला बैठकांना हजर राहता येते, निवेदन देता येते, प्रतिनिधी पाठवता येतात. अर्ज मंजूर करणारी समिती सदस्य देशांच्या सरकारी प्रतिनिधींची असते, आणि नको असलेल्या संस्थांचे अर्ज देश वर्षानुवर्षे अडवूनही धरतात. म्हणजे हा प्रवेशपास आहे, गुणपत्रिका नव्हे.

भारतात देणगी देणाऱ्याला याच जातीचे काही उल्लेख भेटतात. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी क्रमांक, १९६१ च्या आयकर कायद्यातील, संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत देणारी १२ए (२०२१ पासून १२एबी) आणि ८०जी, परदेशी देणग्या घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी. हे सगळे कायदेशीर पात्रतेचे पुरावे आहेत, आणि ते नसतील तर पुढे बोलायचेच कारण नाही. पण ८०जी असल्याने देणगीदाराला करात सवलत मिळते, संस्थेच्या कामाला सरकारची शाबासकी मिळत नाही; अनेक माहितीपत्रके मात्र ही नोंदणी एखाद्या गौरवासारखी छापतात.

संस्थेने कोणाचा पाठिंबा नाकारला, हेही वाचता येते. जून २०१६ मध्ये एमएसएफने युरोपीय संघ आणि त्याच्या सदस्य देशांकडून पैसे घेणे बंद केले, कारण निर्वासितांना तुर्कस्तानात रोखून धरण्याचा त्यांचा करार तिला अमानवी वाटला. आदल्या वर्षी या स्रोतांकडून तिला सुमारे ५.६ कोटी युरो मिळाले होते. हे तिला परवडले, कारण तिचा बहुतेक सगळा निधी जगभरातील लाखो सामान्य देणगीदारांकडून येतो. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला असा नकार देणे जवळपास अशक्य असते, म्हणून ताळेबंदातील उत्पन्नाचा तक्ता सन्मानांच्या यादीआधी पाहावा, असे मला वाटते.

आणि तरीही काही गोष्टी कोणत्याच चिन्हातून दिसत नाहीत. फेब्रुवारी २०१८ मध्ये हैतीतील ऑक्सफॅमच्या कर्मचाऱ्यांचे २०११ मधील लैंगिक गैरवर्तन ब्रिटिश वृत्तपत्राने उघडकीला आणले, तेव्हा ती जगातील सर्वांत प्रतिष्ठित मदतसंस्थांपैकी एक होती. त्यानंतर काही दिवसांतच एमएसएफने स्वतःचे २०१७ चे आकडे जाहीर केले: १४६ तक्रारी, त्यांपैकी ४० छळाच्या किंवा गैरवर्तनाच्या, त्यांतही २४ लैंगिक स्वरूपाच्या, आणि १९ जणांची बडतर्फी. २०२० मध्ये तिच्याच हजारभर आजी-माजी कर्मचाऱ्यांनी संघटनेतील वर्णभेदाविषयी पत्र लिहिले. तक्रारी शून्य असलेल्या संस्थेपेक्षा तक्रारींचे आकडे छापणारी संस्था मी पसंत करेन, कारण हजारो माणसे कामाला असलेल्या ठिकाणी शून्य हा आकडा बहुधा तक्रार ऐकायला कोणी बसलेले नसल्याचा असतो.

शेवटी पुराव्याच्या एका प्रकाराकडे वळू, ज्याला मानचिन्हांच्या ओळीत जागा मिळत नाही. एमएसएफने २००६ पासून अनेक वर्षे मुंबईत एचआयव्ही आणि औषधप्रतिरोधक, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या, क्षयरोगाच्या रुग्णांवर उपचार केले. महानगरपालिकेच्या एम-पूर्व विभागात, गोवंडीला, तिचा दवाखाना होता. या क्षयरोगाचा जुना उपचार दोन वर्षांपर्यंत चाले, त्यात इंजेक्शने असत, त्यांनी काहींचे ऐकू येणेही जाई, आणि कंटाळून औषध सोडणारे पुष्कळ असत. संस्थेने उझबेकिस्तान, बेलारूस आणि दक्षिण आफ्रिकेत सहा महिन्यांच्या, केवळ गोळ्यांच्या उपचाराची चाचणी घेतली. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांनी ८९ टक्के रुग्णांना चांगला परिणाम मिळाला, तर प्रचलित उपचारात हे प्रमाण ५२ टक्के होते. निष्कर्ष २०२२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने या उपचाराची शिफारस केली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भारताच्या आरोग्य मंत्रालयाने तो राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमासाठी मंजूर केला.